तोफखाना ते तोपहाने: नगरकरांसाठी थोडं तुर्की व्याकरण

या भागात इतिहास आणि व्याकरण यांची भेळ आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'बघा' थोडे काढलेत, सगळे नाहीत.

नगर शहरात तोफखाना नावाचा भाग आहे. तिथलं पोलीस ठाणंही तोफखाना पोलीस ठाणंच. आता इस्तंबूलचा नकाशा उघडा. बॉस्फोरसच्या काठावर, ट्रामच्या थांब्यावर नाव दिसेल: तोपहाने. शब्द एकच. तुर्की 'तोप' म्हणजे गोळा, चेंडू आणि तोफसुद्धा. 'हाने' म्हणजे आपला फारसीतून आलेला 'खाना', दवाखान्यातला आणि छापखान्यातला. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेदने तिथे तोफा ओतायचा कारखाना काढला, त्यावरून त्या भागाला हे नाव पडलं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. आमच्या टीममधले दोघं इस्तंबूलहून काम करतात, त्यांच्यामुळे मी तुर्की शिकायला घेतली. शिकण्याची सगळी साधनं इंग्रजीतून होती. ती सांगतात की तुर्की म्हणजे जगावेगळी भाषा, सगळं उलटं. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की ती इंग्रजीच्या तुलनेत उलटी आहे. मराठी माणसाला ती बरीचशी सुलटी आहे. हा भाग त्यासाठीच केलाय. पण आधी हे तुर्की आपल्याकडे आले कसे, ते बघू.

रूमी म्हणजे कोण

दख्खनच्या इतिहासात 'रूमी' हा शब्द सारखा भेटतो. रूम म्हणजे रोम, म्हणजे पूर्वेचं रोमन साम्राज्य, म्हणजे आजचं तुर्कस्तान. तिकडून आलेला तो रूमी. सोळाव्या शतकात तोफा आणि बंदुका यांतली सगळ्यात पुढची मंडळी म्हणून उस्मानी तुर्कांचं नाव होतं, आणि आपल्याकडच्या सुलतानांना नेमके तेच लोक हवे होते. गुजरातच्या बहादूरशाहाकडे १५३१ मध्ये मुस्तफा नावाचा तुर्क तोफा घेऊन दीवला पोचला. त्याला किताब मिळाला रूमी खान. चार वर्षांनी तो हुमायूनला जाऊन मिळाला. आजच्या भाषेत, चांगला इंजिनियर जास्त पगार देणाऱ्या कंपनीत गेला.

नगरलाही रूमी होते. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात हत्ती. वजन सुमारे ५५ टन. ही तोफ विजापूरची नाही. ती ओतली गेली नगरला, १५४९ मध्ये, पहिल्या बुरहान निजामशाहाच्या काळात. तोफेवरच्या लेखात बनवणाऱ्याचं नाव आहे: मुहम्मद, आणि पुढे रूमी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून आदिलशाहीत. १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरून घेतला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. निजामशाही दरबाराची भाषा फारसी होती, तुर्की नव्हे. मराठीत जे तुर्की शब्द आले ते बहुतेक फारसीच्या हातून आले. येताना त्यांचं व्याकरण गोठलं. म्हणजे शब्द आला, पण तो बनवायचं यंत्र मागे राहिलं. आता ते यंत्र बघू.

गोठलेले प्रत्यय

पहिला प्रत्यय: -ची. तोपची, मशालची, नगारची, तबलची. अमुक काम करणारा तो -ची. हा प्रत्यय तुर्की आहे. मराठीत तो कायम 'ची' असतो, शब्द कुठलाही असो. तुर्कीत मात्र तो आधीच्या अक्षराकडे बघून रूप बदलतो. तोफ डागणारा 'तोप्चू', चहावाला 'चायजी', पत्रकार 'गाझेतेजी'. आधी उ किंवा ओ असेल तर प्रत्ययात उ येतो. आधीचं व्यंजन कठोर असेल तर च, मृदू असेल तर ज. प्रोग्रामिंगच्या भाषेत, तुर्कीत हे फंक्शन आहे आणि आपण त्याचं एक उत्तर कॉपी करून कायमचं चिकटवलंय.

दुसरा: -म, म्हणजे 'माझा'. तुर्कीत 'एव्' म्हणजे घर, 'एविम' म्हणजे माझं घर. आता 'बेगम' बघा. बेग म्हणजे सरदार, बेगम म्हणजे 'माझे सरदार', आदराने स्त्रीसाठी. खान आणि खानम तसंच. आजच्या तुर्कीत 'हानिम' हा शब्द नावाच्या पुढे लावतात, आपण 'बाई' लावतो तसा. पुरुषाच्या नावापुढे 'बेय', म्हणजे साधारण आपलं 'राव'.

तिसरा: -मक. तुर्कीत क्रियापदाचं मूळ रूप -मक किंवा -मेक लावून होतं. गेल्मेक म्हणजे येणे, आल्माक म्हणजे घेणे. आणि 'चाक्माक' म्हणजे ठिणगी पाडणे, ठोकणे. आपली 'चकमक' तीच. गारगोटीची चकमक आणि सीमेवर उडते ती चकमक, दोन्ही. इस्तंबूलच्या पानपट्टीवर 'चाक्माक' मागितलं तर लायटर मिळेल. म्हणजे मराठीत एक अख्खं तुर्की क्रियापद 'णे'सकट येऊन बसलंय.

चौथा: -लि, -लु. गोवळकोंड्याचा पहिला सुलतान कुली कुत्ब-उल-मुल्क हा हमदानहून आलेला. त्याचा वंश करा कोयुन्लु. करा म्हणजे काळा, कोयुन म्हणजे मेंढी, लु म्हणजे वाले. काळ्या मेंढ्यांवाले! हाच प्रत्यय गावाला लावला की आपला '-कर' होतो. इस्तंबूलचा तो इस्तंबूल्लु, नगरचा तो नगरलि, पुण्याचा पुणेली. चहात साखर हवी तर 'शेकेरली', नको तर 'शेकेरसिझ'. शेकेर म्हणजे साखर हे सांगायला नको.

याशिवाय कुमक, यल्गार, सायकल शिकताना मारतो ती कैची, हेही तिकडचेच. कैचीची गंमत अशी की आज तुर्कस्तानात कात्रीला 'माकास' म्हणतात, आणि तो शब्द अरबीतून आलेला. त्यांचा जुना शब्द आपल्याकडे राहिला.

चौदा तालुक्यांत स्वरांची जुळणी

तुर्की शिकणारा पहिल्यांदा अडतो ते स्वरांच्या जुळणीपाशी. नियम सोपा आहे. स्वरांचे दोन गट. आ, ओ, उ हे एका गटात. ए, इ आणि ओठ गोल करून म्हटलेले दोन खास स्वर दुसऱ्या गटात. शब्दाचा शेवटचा स्वर ज्या गटातला, प्रत्ययाचा स्वर त्याच गटातला घ्यायचा. 'मध्ये' यासाठी प्रत्यय आहे -दा किंवा -दे. शेवटचं व्यंजन कठोर असेल, म्हणजे त, क, प, स वगैरे, तर द चा त होतो.

सराव म्हणून आपल्या जिल्ह्याचे चौदाच्या चौदा तालुके घेऊ.

नगरदा, श्रीगोंदादा, शेवगावदा, नेवासादा, राहातादा, कोपरगावदा, श्रीरामपूरदा. इथे शेवटचा स्वर अ, आ किंवा उ.

पारनेरदे, जामखेडदे, संगमनेरदे, अकोलेदे, पाथर्डीदे, राहुरीदे. इथे ए किंवा ई.

आणि एकटं कर्जत वेगळं: कर्जतता. कारण शेवटी त आहे.

झालं. 'हून'साठी -दान आणि -देन: नगरदान म्हणजे नगरहून, राहुरीदेन म्हणजे राहुरीहून. नियम तोच. एसटीत बसल्यावर खिडकीतून पाट्या वाचत हा सराव करता येतो, कुठलंही अॅप लागत नाही.

एक सूचना. तुर्कीत एक स्वर आहे, ठिपका नसलेला इ. तो आपल्या इ आणि उ यांच्या मधे कुठेतरी आहे, ओठ न वळवता घशाकडे म्हणायचा. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी इ लिहितोय. गटाच्या हिशोबात तो आ, ओ, उ यांच्या बाजूचा. हा स्वर कानानेच शिकावा लागतो.

डबे जोडत जायचे

तुर्की शब्द मालगाडीसारखा असतो. इंजिन पुढे, मागे डबे, आणि डब्यांचा क्रम ठरलेला: आधी अनेकवचन, मग कुणाचं, मग विभक्ती. एव्-लेर-इमिझ-दे. घर, अनेक, आमची, मध्ये. आमच्या घरांमध्ये. पुस्तकाचं किताप-लार-इमिझ-दा.

आपल्यालाही प्रत्यय लावायची सवय आहे, पण आपल्याकडे आधी सामान्यरूप होतं. घोडा चं घोड्याला, पाणी चं पाण्यात, बहीण चं बहिणीला. मराठी शिकणारे परप्रांतीय मित्र इथेच रडकुंडीला येतात. तुर्कीत सामान्यरूप नाही. 'सु' म्हणजे पाणी, 'सुदा' म्हणजे पाण्यात. मूळ शब्दाला धक्का नाही.

फक्त काही शब्दांत शेवटचं व्यंजन मऊ होतं. किताप म्हणजे पुस्तक, पण माझं पुस्तक 'किताबिम'. हेसाप, पण माझा हिशोब 'हेसाबिम'. जेवाप, पण माझं उत्तर 'जेवाबिम'. इंग्रजीतून शिकणारा हे पाठ करतो. आपल्याला पाठ करायची गरज नाही, कारण किताब, हिशेब, जबाब यांतला ब आपण आधीपासून जपून ठेवलाय.

आणखी आनंदाची गोष्ट: लिंग नाही. तो, ती, ते या सगळ्यांना एकच 'ओ'. आणि आपल्या भूतकाळातली ती भानगडही नाही. 'मी पुस्तक वाचलं, मी पोथी वाचली' यात आपलं क्रियापद पुस्तकाकडे आणि पोथीकडे बघतं. तुर्कीत ते कायम कर्त्याकडे बघतं.

शब्दाला शब्द

आता हे वाक्य बघा. 'बेन नगरदान चाय आलिप गेल्दिम.' मी नगरहून चहा घेऊन आलो. बेन म्हणजे मी, नगरदान म्हणजे नगरहून, चाय म्हणजे चहा, आलिप म्हणजे घेऊन, गेल्दिम म्हणजे आलो. पाच शब्दांना पाच शब्द, त्याच क्रमाने. हे इंग्रजीत करायला गेलात तर शेवटापासून उलटं चालावं लागतं. आपला -ऊन आणि त्यांचा -इप एकच काम करतात: जाऊन, खाऊन, बघून. फक्त सांभाळा, 'गेल' म्हणजे ये. आपल्या 'गेला'च्या बरोबर उलट.

'चाय वार मि?' म्हणजे चहा आहे का? वार म्हणजे आहे, योक म्हणजे नाही, मि म्हणजे का. आणि 'चाय माय वार मि?' म्हणजे चहा-बिहा आहे का? आपण बि लावतो, ते म लावतात. पुस्तक-बिस्तक, किताप-मिताप. हे मी टीममधल्या एकाला सांगितलं तर तो मीटिंग संपेपर्यंत 'पुस्तक-बिस्तक' म्हणत होता.

फसवे शब्दही आहेत. 'मिसाफिर' म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. 'फिरसात' म्हणजे फुरसत नव्हे, संधी. कुणी मोठी फिरसात आहे म्हटलं तर पाय पसरून बसू नका.

आला आणि आला म्हणे

आता या भागाचा खरा मुद्दा. तुर्कीत भूतकाळ दोन आहेत. 'गेल्दी' म्हणजे आला, मला माहीत आहे, मी पाहिलं. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. मी पाहिलेलं नाही, ऐकलंय किंवा खुणांवरून ओळखलंय. सकाळी उठून अंगण ओलं दिसलं तर तुर्की माणूस पाऊस पडला यासाठी -मिश वापरेल. त्यांच्या लोककथा -मिशमध्ये सांगतात. हा फरक फार जुना आहे. महमूद काशगरीने १०७० च्या दशकात बगदादमध्ये तुर्की भाषांचा कोश लिहिला, त्यातही त्याने समोर घडलेलं आणि मागे घडलेलं यांचे प्रत्यय वेगळे सांगितले आहेत.

मराठीत आपण 'म्हणे' लावतो, पण लावलाच पाहिजे असं नाही. तुर्कीत दर वाक्याला निवड करावी लागते. वाक्य पूर्णच होत नाही त्याशिवाय.

याची सवय लागल्यावर मी नगरच्या इतिहासाची वाक्यं या चाळणीतून काढायला लागलो. अर्थात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि तुर्की पाठ्यपुस्तकंसुद्धा पक्क्या ठरलेल्या इतिहासाला -दी वापरतात. मी हीच कसोटी घेतली: त्याच काळाचा कागद किंवा दगड समोर आहे का?

मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये एका रूमीने बनवली. धातूवर लिहिलंय. -दी.

विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ हा उस्मानी सुलतानाचा मुलगा होता, लहानपणी त्याला लपवून देशाबाहेर काढलं. हे फरिश्ता सांगतो. फरिश्ताचं पुस्तक १६०६ च्या सुमाराचं, विजापूर दरबाराच्या आश्रयाने लिहिलेलं. -मिश.

नगरचा संस्थापक मलिक अहमद, त्याचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घरातले. हेही फरिश्ताच सांगतो. फरिश्ता स्वतः नगरच्या दरबारात वाढलेला, त्यामुळे त्याने तिथल्या लोकांकडून ऐकलेलं असणार. तरी ऐकलेलंच. -मिश.

जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशाहाचा तोफखाना रूमी खानाकडे होता आणि विजयनगरचा पराभव झाला. इथपर्यंत -दी लावायला माझी हरकत नाही. रूमी खानाने ऐन वेळी तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याची नाणी भरून ती जवळून डागली. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. पण ती सांगणारा फरिश्ता त्या रणावर नव्हता. -मिश.

-मिश म्हणजे खोटं नाही, हे लक्षात घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की हे माझ्यापर्यंत कुणाच्या तरी तोंडून आलंय. आपल्याकडे शहराच्या नावावरून, कबरींवरून, कोण कुठून आला यावरून जे वाद होतात, त्यांत बोलणारे सगळे -दीमध्ये बोलतात आणि हातातला पुरावा असतो -मिशचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड माझ्या फोनवर आले. जवळपास प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'म्हणे' गळालेला होता. तो परत लावून वाचला की निम्मं भांडण आपोआप खाली बसतं.

लिपी बदलली की काय होतं

शेवटचा मुद्दा, छोटा. त्या रूमीची तुर्की अरबी लिपीत लिहिली जायची. नोव्हेंबर १९२८ मध्ये तुर्कस्तानने कायदा करून रोमन लिपी घेतली. १९३२ मध्ये भाषा संस्था काढली आणि अरबी-फारसी शब्द काढून नवे तुर्की शब्द घडवायला सुरुवात केली. शाळेला 'मेक्तेप' म्हणायचे, ते 'ओकुल' झालं. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास, राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले होते. दोन्हीकडे सरकारी कागद बदलले. दोन्हीकडे बाजारात जुने शब्द टिकून राहिले. आपली तोफ तोफच राहिली, आणि त्यांचा 'किताप' अजून कितापच आहे.

शिकणाऱ्याला लिपीबदलाचा फायदा मोठा: जसं लिहिलंय तसं वाचायचं. पण माझ्या टीममधल्या मित्राला त्याच्या पणजोबांची पत्रं वाचता येत नाहीत. मी हसलो नाही, कारण आमच्या घरातला जमिनीचा मोडी कागद मलाही वाचता येत नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडीतले कागद ठेवलेत. तिथे कुणी काय '-दी' लिहून ठेवलंय, ते वाचणारे कमी झाले की ते सगळं हळूहळू '-मिश' होणार. म्हणून तुर्कीबरोबर मी मोडीचीही बाराखडी गिरवायला घेतलीय.

तुम्हाला तुर्की सुरू करायची असेल तर माझा सल्ला: इंग्रजी मधे आणू नका. मराठी वाक्य त्याच क्रमाने ठेवा आणि शब्द बदलत जा. पहिल्या आठवड्यात आठ गोष्टी पुरे: वार, योक, मि, -दा, -दान, -इम, -दी आणि -मिश. तालुक्यांची यादी तुमच्या जिल्ह्याची करा. सोलापूरवाल्यांनो, पंढरपूरदा का पंढरपूरदे ते कळवा. धाराशिवकर, तुमच्याकडे परांडा आहे, तुम्हाला अर्धा मार्क आधीच दिला.

पुढच्या भागात मोडी. तोपर्यंत 'गोरुशुरुझ', म्हणजे भेटूच.